टाकीची दुसरी किल्ली

डोरीन कोवांडा टाकीची शिडी चढताना कधी हाताकडं बघायची नाही. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायचे, पण शिडी अंगवळणी पडली होती. त्या शनिवारी सकाळी मात्र मधल्याच एका पायरीवर हाताला गिळगिळीत लागलं. तिनं हात नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. कुणीतरी बीअर पिऊन ओकलं होतं, आणि उन्हानं त्याला साय धरली होती.

तिनं हात विजारीला पुसला आणि वर चढत राहिली.

होलुबी गावचं पाणी तीच बघायची. आधी तिचा बाप फ्रँक बघायचा. तो गेल्यावर गावच्या पंचायतीनं ते काम तिच्या गळ्यात घातलं. नवऱ्याशी काडीमोड झालेला, पोरं लांब ओमाहा शहरात, आणि जीभ अशी की समोरच्याची सालं निघावीत. नळ गळला की गावाला डोरीन आठवायची, नळ धड असला की कुणी तिला विचारत नव्हतं.

गेल्या साली पंचायतीच्या हात धुऊन मागं लागून तिनं टाकीभोवती उंच तारेचं कुंपण घालून घेतलं. फाटकाला आणि वरच्या झाकणाला जाडजूड कुलपं, दोन्हींना चालणारी एकच किल्ली. एक तिच्या कमरेला, दुसरी पंचायतीच्या प्रमुखाकडं. प्रमुख म्हणजे तिचा सख्खा मामा, मिलो झाब्का. "आपल्या गावात विष घालायला कोण येतंय?" असं म्हणत लोक तेव्हा हसले होते.

शाळेचं शेवटचं वर्ष संपलं की पोरांनी टाकीवर चढून आपल्या सालाचा आकडा रंगवायचा, ही गावची जुनी रीत. रंगवलं तर रंगवलं, डोरीनला त्याचं वावडं नव्हतं. पण आज फाटकाचं कुलूप तोडलेलं नव्हतं. नीट किल्लीनं उघडून तारेला अडकवून ठेवलं होतं. वरती झाकणाच्या कुलपाचीही तीच गत, आणि झाकण सताड उघडं. आत बीअरचे डबे तरंगत होते. तंबाखूच्या पिंका पाण्यावर पसरल्या होत्या. आणि झाकणाच्या कडेला जो वास मारत होता, तो गोठ्यात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावा लागत नाही.

ती उतरली ती थेट धान्याच्या कोठारावर गेली. शनिवारी सकाळी गावचे पुरुष तिथं कॉफी पीत बसायचे. मिलोमामा मधोमध होता.

"मामा, तुझी किल्ली कुठं हाय?"

"का गं?"

"कुठं हाय ते सांग."

"दिली पोरांना. असंल कुणाच्या तरी खिशात. येईल की परत."

"दिली?"

"मग काय करू? कुंपण तू घातलंस. त्यावरनं चढताना एखाद्याचं पोट फाटलं असतं म्हंजे? किल्ली दिली, पोरं सरळ दारानं गेली."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच डोरीनला जास्त झोंबलं. कुंपण चोरासाठी, आणि चोराला खरचटू नये म्हणून किल्लीही चोरालाच.

"आत मुतलीत ती," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या रूडीच्या नाकातून कॉफी आली. "मग? आमी काय वर जपमाळ ओढायला गेलतो?"

सगळं टेबल हसलं. डोरीन एकेका तोंडाकडं बघत राहिली.

"तुमी पण?"

"सगळेच," मामा म्हणाला. "साल रंगवायचं, आन् उतरायच्या आधी टाकीत सोडायचं. बापानं केलं, आज्यानं केलं. क्लोरीन मारतंय की सगळं. मेलं का कोण आजवर?"

"माझ्या बापाला ठाऊक हुतं?"

"फ्रँकला? अगं, त्या दिवशी झाकण उघडं ठेवायचा कोण?"

डोरीनला आता विहीर आठवली. बाप तिच्या लहानपणी चुलत्याच्या शेतावरच्या विहिरीचं पाणी दुधाच्या कॅनमधून घरी आणायचा. नळाच्या पाण्यानं कॉफी पांचट होते म्हणायचा. ते जड कॅन तिनं कितीदा त्याच्याबरोबर उचलले होते, आणि बापाच्या जिभेचं कौतुक केलं होतं. म्हणजे घरच्यांना विहीर आणि गावाला टाकी. मेलेल्या बापाची किळस यायची वेळ तिच्यावर भर सकाळी आली.

"मी पाणी बंद करतेय," ती म्हणाली. "टाकी रिकामी करणार, राज्याच्या पाणीखात्याला कळवणार, आन् गावाला सांगणार, नळाचं तोंडात घालू नका."

आता मामानं कप खाली ठेवला. "आज? आज माजी विद्यार्थ्यांचं जेवण हाय. लांबलांबनं माणसं आलीत. गावाची अब्रू घालवतीस का?"

"मुतानं कोण मरत न्हाई, मला कळतंय. पण किल्ली आत्ता कुणाच्या हातात हाय? एक नाव सांग. मी टाकी धुते, कुलूप लावते, आन् आतल्या आत मिटवते."

मामानं रूडीकडं बघितलं. रूडीनं कपात बघितलं.

"मी प्रमुख हाय," मामा म्हणाला. "पाणी चालू ठेव. न्हाईतर सोमवारी मी दुसरा माणूस बघतो."

"बघ."

तिनं जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि टाकीचं पाणी खालच्या चरात सोडलं. मग शाळा गाठली. तिथल्या स्वयंपाकघरात बायका पहाटेपासून राबत होत्या. डुकराचं मटण भट्टीत होतं, आंबवलेली कोबी रटरटत होती, पिठाचे गोळे मोठ्या पातेल्यात उकडत होते. मधे अ‍ॅडेलामामी, मिलोची बायको, कोपरापर्यंत पिठात.

"पाणी लागलंय ते सगळं फेका," डोरीन म्हणाली.

मागोमाग मामा धापा टाकत आला. "जरासा रंग पडलाय गं टाकीत. ही उगंच बाऊ करतेय."

"रंग न्हाई. पोरं मुतलीत. दरसाल मुतत्यात. किल्ली मामानं दिली, आन् आता ती कुणाकडं हाय ते त्यालाबी ठाऊक न्हाई."

हातातली कामं थांबली. मामीनं नवऱ्याकडं बघितलं.

"तू पण?"

"पोरगा हुतो गं तवा. सगळेच—"

"खाली बॅटरी धरायला मला उभं केलं हुतंस," मामी म्हणाली. "धरून धरून हात अवघडले हुते माझे. तुमी वरनं हसत हुता, आन् मला वाटलं, माझं नाव लिवतोस." ती थांबली. "त्याच पाण्यात मी तुझ्या पोरांचं दूध कालवलं, मिलो."

"उकळून घ्यायचीस की."

हे बोलायला नको होतं. मामीनं दोन फडकी घेतली, पातेलं उचललं आणि गोळ्यांसकट मोरीत उपडं केलं. मग दुसरीनं कोबी ओतली. तिसरीनं कॉफीचं पिंप आडवं केलं. शिव्या नाहीत, रडणं नाही. नुसती वाफ आणि आंबूस वास.

"आता जेवायचं काय?" मामानं विचारलं.

"तुझी ताकद हाय तेवढं मोरीतनं काढून खा," मामी म्हणाली.

पाहुण्यांनी त्या दिवशी कोरडं मटण आणि पाव बीअरबरोबर गिळला. सोमवारी पंचायत बसली तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका मागच्या बाकांवर हाताची घडी घालून बसल्या होत्या. दुसरा माणूस बघायचा विषय मामानं काढला नाही. किल्ली मात्र कुणीच आणून दिली नाही. डोरीननं दोन्ही कुलपं फेकून नवी घातली, आणि रिकाम्या टाकीत उतरून तळ खरवडला. तळाच्या गाळातून काय काय निघालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

गावानं तिला शाबासकी दिली असं नाही. रूडी तिला बघून रस्ता ओलांडायला लागला. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. नळाला नुसत्या क्लोरीनचा वास येतो, अशी तक्रार रोज यायची.

एका दुपारी मामी फडक्यात कोलाचे, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव, बांधून कुंपणापाशी आली. डोरीन फाटकाला कुलूप लावत होती. मामीनं पुडकं तिच्या हातात दिलं.

"किल्ली तुझ्याजवळच हाय न्हवं?"

"माझ्याजवळच."

"दुसरी?"

"दुसरी केलीच न्हाई."

"करूबी नकोस," मामी म्हणाली. "मी मागितली तरी."