सरळ फुल्यांवरचं वाकडं अवकाश

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतरही कारंज्याची एक विद्यार्थिनी आपलं संशोधन घेऊन बोरगाव मेघ्यातल्या माझ्या घरी यायची. विषय क्वांटम भ्रमण. मला तो नवा होता, म्हणून तिनं तो कपाशीवरून समजावला.

"सर, चौफुलीचं वावर डोळ्यांपुढं आणा. उभ्या-आडव्या ओळींच्या छेदावर एकेक फुली, फुलीवर कपाशीचं झाड. प्रत्येक फुलीवर कण नाणं उडवते अन् नाणं जसं पडते त्या दिशेनं पुढच्या फुलीवर जाते. पण त्याचं नाणं एकाच वेळी छापाही पडते अन् काटाही. म्हणून थो लाटेसारखा पसरते. जड ताऱ्याजवळ अवकाश वाकते, तिथं कण कसा चालते, हे मले ह्या फुल्यांवर पाहाचं आहे."

"मग फुल्याच वाकड्या कर," मी म्हणालो. "सरळ वावरात वाकडं अवकाश कुठून येणार?"

तिनं बरेच दिवस माझं ऐकलं. गणित सुटेना. एका दुपारी चहा तसाच ठेवून म्हणाली, "वाकड्या फुल्यांत तण काढाचा डवरा चालत नाई सर. फुल्या सरळच राहू द्या, नाणं जागोजागी बदलू. कुठं छाप्याकडं जास्त झुकणारं, कुठं कमी."

मी हसण्यावारी नेलं. तिनं करून पाहिलं, आणि संगणकाच्या पडद्यावर लाट हवी तशी वळली.

तिचा शोधनिबंध छापून आला आणि कारंज्यात तिचा सत्कार झाला. शाल आधी मला, गुरूचा मान म्हणून. प्रास्ताविकात सांगितलं गेलं की नाणं बदलायची कल्पना सरांची. ते मीच आयोजकांना बोलण्याच्या भरात सांगून बसलो होतो. ती माझ्याकडे पाहून नुसती हसली. समोर तिचे बाबा हात जोडून बसले होते.

आता तिला बंगळुरूला स्वतंत्र काम करायला बोलावलंय, आणि बाबा अडून बसले होते. "सरायच्या डोक्याशिवाय एकटीनं जमन का तुले?"

परवा मी त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर खरं ते सांगितलं.

ते बघतच राहिले. "मंग सर, दर हंगामाले मी तुमच्या घरी संत्री काऊन पाठवून राह्यलो?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, पण मान वर झाली नाही. त्यांनी लेकीला फोन लावला.

"काऊन वं, तुह्यं डोकं होतं तं सांगितलं काऊन नाई?"

"भर सभेत सरायले खोटं पाडू का बाबा?"

फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी गल्ला उघडला.

"जाजो मंग," ते म्हणाले. "तिकिटाचं मी पाहतो."