गिसाबुरो मिस्त्रींची भानगड

आमच्या तानाकुरा गावात दोन गोष्टींबद्दल कुणाला शंका नव्हती. एक, डोंगरावरचा बर्फ मार्च संपेपर्यंत हलत नाही. आणि दुसरी, मुराकोशी गिसाबुरो मिस्त्रींइतकी साके, म्हणजे तांदळाची दारू, पचवणारा माणूस या खोऱ्यात दुसरा नाही. त्यांतली पहिली गोष्ट खरी होती.

मिस्त्री म्हणजे आमच्या गावच्या सुतारांचे मुख्य. अंगाने थोराड, आणि भुवया इतक्या दाट की महिन्यातून एकदा मला कातरीने त्या विरळ कराव्या लागत. माझं केस कापायचं दुकान बाजारातच आहे, त्यामुळे हे डोकं चाळीस वर्षं माझ्या हाताखालून गेलंय. गावच्या बंबपथकाचे प्रमुखही तेच. आग कुठेही लागो, शिडीवर पहिला पाय त्यांचा. बोलणं कमी, पण जे बोलत ते रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाई.

त्यांच्या पिण्याची कीर्ती झाली ती बाविसाव्या वर्षी. वडील नुकतेच गेले होते, आणि वडील खरोखरच पट्टीचे पिणारे. मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर एका घराचं आढं चढवलं. घरमालकाने रीतीप्रमाणे साकेचं पिंप फोडलं. गिसाबुरोंनी एक पेला घेतला. पुढचं त्यांना आठवत नाही, बघणाऱ्यांना आठवतं. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे अर्धे उघडे, असे ते तीन तास बसून राहिले. भोवतीचे गडी एकेक करून आडवे झाले आणि शेवटी हे एकटेच बसलेले. "बापाच्या वरताण निघाला," लोक म्हणाले.

ते बसल्या जागी झोपले होते. एका पेल्यात त्यांचा निकाल लागे. पण कीर्ती एकदा चिकटली की सरसापेक्षा पक्की. पुढे चोवीस वर्षं त्यांनी ती सांभाळली. पेला ओठाला लावायचा, आणि कुणी बघत नसलं की बाहीत, नाहीतर शेगडीच्या राखेत ओतायचा. त्यांच्या बाह्यांना कायम वास येई, त्यामुळे कीर्ती आणखीच वाढली. हे सगळं त्यांनी मला फार पुढे सांगितलं, तोंडाला फेस लावलेला असताना. त्या वेळी माणूस उठून जाऊ शकत नाही म्हणून खरं बोलतो.

युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. माझ्या दुकानासमोर ताकिनोबाईंनी शिरुकोचं, म्हणजे लाल दाण्यांच्या गोड खिरीचं, दुकान काढलं. त्यांचा नवरा रेल्वेत गार्ड होता, तो छातीच्या दुखण्याने गेला. बाई चव्वेचाळिशीच्या, उभट चेहऱ्याच्या, फारशा न हसणाऱ्या. दुकानाचं नाव 'तोचिया'. सकाळी लवकर अझुकीचे लाल दाणे चुलीवर चढत, आणि दहा वाजता साखर पडली की तो वास रस्ता ओलांडून माझ्या दुकानात येई. वाटीत ते दाट लाल शिरुको, त्यात निखाऱ्यावर टम्म फुगवलेली तांदळाची चिकट वडी, आणि शेजारी बशीत खारवलेल्या पाल्याचं चिमूटभर लोणचं. गावातल्या बायका आणि शाळेतल्या मुली तिथे गर्दी करत. पुरुष मात्र नाही. तोचियाचा पडदा सारून आत जाणं म्हणजे बायकोचा किमोनो नेसून बाजारातून फिरणं, असं आम्ही समजत होतो.

नोव्हेंबरात ताकिनोबाईंनी फळी ठोकायला मिस्त्रींना बोलावलं. काम अर्ध्या तासाचं. थंडी कडाक्याची, म्हणून बाईंनी काम झाल्यावर एक वाटी पुढे केली.

"मी गोड खात नाही," मिस्त्री म्हणाले.

"ओतून द्यावं लागेल मग. वाढून झालंय," बाई म्हणाल्या.

अन्न टाकणं मिस्त्रींना पटेना. ते बसले. दार उघडं होतं म्हणून मला सगळं दिसत होतं. पहिल्या घोटानंतर ते बराच वेळ हलले नाहीत. मला वाटलं, वडी घशात अडकली. मी वस्तरा खाली ठेवला. मग त्यांनी हळूच दुसरा घोट घेतला, वाटी दोन्ही हातांत धरून, देवळात धरावी तशी. उठताना त्यांनी नव्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही जरा कललीय. उद्या येऊन बघतो."

फळी कललेली नव्हती. मुराकोशींची फळी कधीच कलत नाही.

त्यानंतर तोचियात जी दुरुस्ती सुरू झाली ती थांबेना. सरकतं दार घासलं गेलं. उंबरा बदलला. आणखी सहा फळ्या लागल्या, ज्यांवर ठेवायला बाईंकडे काही नव्हतं. दुकान जेमतेम सहा चटया मावतील एवढं, आणि काम एखाद्या देवळाचं असावं तसं. मिस्त्री यायचे ते दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आणि आल्यावर दार बंद करून घ्यायचे. "भुसा बाहेर उडतो," म्हणायचे.

गावात कुजबुज सुरू झाली. मी स्वतः कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर "या आठवड्यात चौथ्यांदा" एवढंच म्हणत असे.

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी मिस्त्रींची बायको इसोएबाई माझ्याकडे आल्या. ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या, आणि नजर अशी की केसाची गाठसुद्धा सुटावी. खुर्चीत तेव्हा कोइके बसला होता, बंबपथकाचा उपप्रमुख आणि मिस्त्रींच्या साके-बैठकांतला पहिला भिडू. त्याची अर्धी दाढी झाली होती.

"आत आहेत का हे?" इसोएबाईंनी समोर बोट केलं.

"मगाशीच गेलेत," मी म्हणालो. "उंबरा बघायला."

"तो उंबरा आमच्या घराच्या उंबऱ्यापेक्षा जास्त बघितलाय त्यांनी." त्या बाकावर टेकल्या. "मला एक कोडं सुटत नाही. बाईच्या नादी लागलेला माणूस वाळतो. रात्री जेवत नाही, सुस्कारे टाकतो. हेही जेवत नाहीत, सुस्कारेही टाकतात. पण कमरपट्टा दोन बोटं सैल करून दिला मी परवा. माणूस प्रेमाने फुगतो का हो?"

कोइके आरशातूनच म्हणाला, "वहिनी, मिस्त्री तसे नाहीत. ते फक्त पितात."

"चला बघू," असं म्हणून त्या उठल्या आणि रस्ता ओलांडू लागल्या. मी हातात टॉवेल घेऊन मागे, आणि माझ्यामागे कोइके, एका गालावर फेस घेऊन.

दार सरकवायला काही कष्ट पडले नाहीत, दुरुस्ती चांगली झाली होती. मिस्त्री पडद्याआड भिंतीकडे तोंड करून बसले होते. हत्यारांची पिशवी शेजारी, तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आमची चाहूल लागताच त्यांनी हातातलं काहीतरी झटकन डगल्यात छातीशी कोंबलं आणि वळून बसले. ताकिनोबाई चुलीपाशी पळी घेऊन उभ्या होत्या.

"काय चाललंय?" इसोएबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मागच्या कोइकेकडे. मला वाटतं, कोइके आला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. कोइकेला पाहून त्यांनी मान ताठ केली.

"लपवण्यात अर्थ नाही," ते भरदार आवाजात म्हणाले. "माझं ताकिनोबाईंवर मन बसलंय."

पळी चुलीच्या कडेला ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्यावर?" ताकिनोबाई म्हणाल्या. "आणि हे मला कधी सांगणार होता?"

"बाई, तुम्ही जरा गप्प राहा," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला होता.

"का म्हणून? दुकान माझं, अब्रू माझी. मन बसवायला तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही? आणि बसलं असेल तर ते माझ्याकडे बघून तरी बसायला हवं होतं. दोन महिन्यांत या माणसाने वाटीतून मान वर काढलेली नाही."

"वाटीतून?" इसोएबाई म्हणाल्या.

मिस्त्रींच्या कपाळावर घाम फुटला होता. ओठ घट्ट मिटलेले. बसल्या बसल्या ते थोडे थोडे वर उचलले जात होते, जणू कुणी आतून ढकलतंय. तेवढ्यात कोइकेचं लक्ष त्यांच्या डगल्याकडे गेलं. छातीच्या घडीतून दाट, लालसर काहीतरी हळूहळू खाली उतरत होतं.

"रक्त," कोइके म्हणाला आणि भिंतीला टेकला. "वहिनी, मिस्त्रींनी छातीत पटाशी मारून घेतली."

इसोएबाई पुढे झाल्या, नवऱ्यासमोर गुडघे टेकून बसल्या. बोट त्या लाल धारेला लावलं, जिभेवर ठेवलं आणि क्षणभर विचार केला.

"साखर जरा जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे एवढीच असते," ताकिनोबाई म्हणाल्या.

मग मिस्त्रींना राहवेना. त्यांनी डगल्यातून वाटी काढली आणि अंगातला कपडा ओढून सोडला. छातीवर बशीएवढा लाल चट्टा उठला होता. ताकिनोबाईंनी बाहेरचा बर्फ फडक्यात बांधून आणला. इसोएबाई तो धरून बसल्या, आणि बर्फ धरल्या हातानेच चौकशी चालू झाली.

"चोवीस वर्षं मी संध्याकाळी साके गरम करून देतेय."

"हं."

"ती कुठे जायची?"

"राखेत," मिस्त्री म्हणाले. "उन्हाळ्यात शेगडी नसते तेव्हा कुंडीतल्या पाइनच्या झाडाला."

"मी त्या झाडाला कीड लागली म्हणून देवळातल्या भिक्षूंना घरी बोलावून मंत्र म्हणून घेतले."

"मला माहीत आहे. मी तिथेच होतो."

इसोएबाईंनी बर्फ जरा जोरात दाबला. मिस्त्री कोइकेकडे वळले. "कोइके, इतक्या वर्षांची ओळख आहे. गावात बाईचं सांग हवं तर. शिरुकोचं सांगू नकोस."

"खरं तेच सांगायचं," ताकिनोबाई म्हणाल्या. "एक अक्षर कमी नाही."

कोइकेने खरं तेच सांगितलं, आणि पंचाईत झाली ती इथे. गावाने त्यावर विश्वास ठेवला नाही. "मिस्त्री आणि शिरुको? काहीतरी बनाव." औषधवाल्याच्या बायकोने तर ताकिनोबाईंना तोंडावर विचारलं की एवढा हास्यास्पद बहाणा तुम्हा दोघांपैकी कुणाला सुचला. मुलींच्या आया तोचियात पोरींना पाठवेनात. आठ दिवसांत दुकान रिकामं दिसू लागलं.

तेव्हा ताकिनोबाई सरळ मुराकोशींच्या घरी गेल्या. इसोएबाईंनी चहा दिला. दोघींचं काय बोलणं झालं ते मिस्त्रींना पडद्याआडून ऐकू आलं, आणि त्यांनी मला सांगितलं की आगीत दोनदा छप्पर अंगावर आलं तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तोचियाचा पडदा काढून ठेवलेला होता. दार सताड उघडं. अगदी पुढे, रस्त्यावरून दिसेल अशा जागी मिस्त्री बसले होते, अंगात बंबपथकाचा डगला, आणि शेजारी इसोएबाई, कारण आपण स्वतः बाजूला बसणार अशी अट त्यांनीच घातली होती. ताकिनोबाईंनी वाटी ठेवली. बाजार थांबला. मुळे विकणारा टोपली खाली ठेवून उभा राहिला.

पहिली वाटी मिस्त्रींनी मान खाली घालून संपवली. त्यांचे कान लाल झालेले मला माझ्या खुर्चीपासून दिसत होते. दुसऱ्या वाटीलाही मान खालीच. तिसऱ्या वाटीत वडी जरा जास्त भाजली गेली होती, कडेला करपट कुरकुरीत पापुद्रा आलेला. तो चावताना मिस्त्रींनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून एक आवाज आला. कसा सांगू? गरम पाण्याच्या कुंडात पहिल्यांदा उतरताना म्हातारी माणसं काढतात तसा. तो आवाज कुणाला खोटा काढता येत नाही. औषधवाल्याची बायको म्हणाली, "हा माणूस खरंच शिरुकोसाठीच यायचा." मिस्त्री सात वाट्यांपर्यंत गेले. पुढच्या वाटीला इसोएबाईंनी हात आडवा धरला.

बाईंची अब्रू त्या दिवशी धुऊन निघाली. मिस्त्रींची मात्र गेली. तो अख्खा हिवाळा त्यांना गावात 'अझुकीकाका' म्हणत. दोन आठवडे ते घराबाहेर पडले नाहीत, मी घरी जाऊन भुवया कापल्या. बंबपथकातल्या काहींचं म्हणणं पडलं की प्रमुख बदलावा, गोड खाणाऱ्याच्या हुकमाखाली शिडी चढणं बरं दिसत नाही. बैठक बसली. कोइके फारसा बोलणारा नव्हे, पण तो उभा राहिला.

"वीस वर्षांत लागलेली प्रत्येक आग आठवा," तो म्हणाला. "पहिला कोण पोचला? मला वाटायचं, एवढी पिऊनही हा माणूस सरळ रेषेत धावतो, काय ताकद असेल. आपण सगळे तेव्हा पायताणं शोधत होतो. मी तर एकदा कांबळ्यासकट विहिरीवर गेलो होतो. मला तरी शुद्धीत असलेला प्रमुख पाहिजे."

प्रमुख तेच राहिले, आणखी अकरा वर्षं. नवीन घराचं आढं चढलं की मालक अजूनही पिंप फोडायचा, फक्त मिस्त्रींच्या पुढ्यात चहा यायचा, आणि आता त्यांना बैठकीतलं सगळं बोलणं ऐकावं लागायचं. एकदा मला म्हणाले, "दारू प्यायल्यावर लोक एकच गोष्ट चार वेळा सांगतात, हे मला माहीतच नव्हतं. पूर्वी माझं सगळं लक्ष बाहीकडे असायचं."

पुढे ताकिनोबाईंचा उजवा हात संधिवाताने धरला, आणि इसोएबाई दुपारच्या वेळी तोचियात वाढायला जाऊ लागल्या. दोघींचं मेतकूट जमलं. साखरेवरून रोज वाद, आणि रोज एकत्र चहा. यात नुकसान झालं ते मिस्त्रींचं. बायको एक वाटी देई, भरून एक वाटी, त्यावर एक चमचाही नाही. डॉक्टरांचं नाव सांगे.

मग दर गुरुवारी मिस्त्री सकाळच्या बसने खालच्या गावी जायला लागले. लाकूड बघायला, म्हणायचे. तेव्हा ते सत्तरीला आले होते आणि काम मुलाकडे सोपवून दोन वर्षं झाली होती. खालच्या गावी बसथांब्याला लागूनच एक शिरुकोवाला आहे, हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

एका गुरुवारी मी इसोएबाईंना विचारलं, "वहिनी, तुम्ही काही बोलत नाही?"

त्या तोचियाच्या पायरीवर बसून दाणे निवडत होत्या.

"काय बोलायचं? या वयात बस पकडायला धावतात, चांगलं आहे तब्येतीला," त्या म्हणाल्या, आणि एक किडका दाणा बाजूला टाकला. "गुरुवारी रात्री मी भात कमी लावते."