बंद रुळांवरून भाचीच्या लग्नाला

"सुहास, इथले रूळ बंद आहेत, आदल्या दिवशीच ये," असं ताईने मला फोनवर निदान तीनदा बजावलं होतं. भाची मुग्धाचं लग्न उत्तर जर्मनीतल्या श्वेरिनला, शनिवारी दुपारी. भावोजी जाऊन काही वर्षं झालीत. नवरा नसलेल्या बाईने कन्यादानाला बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग ते मामाने, म्हणजे मी करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं आणि सगळ्यांना कळवून टाकलं.

पण माझ्या मुलीला, इराला, शाळेच्या सुट्टीत बर्लिन बघायचं होतं, म्हणून शुक्रवारचा मुक्काम तिथे ठेवला. आणि बंद रुळांचं काय कौतुक? आमच्या सिंगापुरात पासिर रिसच्या बाजूची एमआरटी, म्हणजे मेट्रो, दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती, तेव्हा स्टेशनबाहेर बस, बसपाशी पाटी आणि पाटीपाशी माणूस उभा होता. मी ताईला म्हटलं, "सवय आहे गं आम्हाला."

सिंगापूरहून रात्रीच्या विमानाने फ्रँकफर्ट, तिथून ट्रेनने बर्लिन. जर्मनीत तिकीट आणि बसायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला गाडीत शिरल्यावर कळलं. दोघं जण अर्धी वाट बॅगांवर बसून गेलो. तुम्ही जागेचं आरक्षण आधीच करा, फार महाग नसतं. बर्लिनमध्ये भिंत पाहिली, थंडीत कुडकुडलो आणि एका तुर्की दुकानात मसुराचं गरमागरम सूप प्यायलो. शाकाहारी माणसाला ही दुकानं देवासारखी आहेत. इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीच्या ठेक्यात म्हणाली, "पपा, ही तर आमटीच आहे, फक्त नो तडका लाह."

आता मुद्द्याचं. जर्मनीत हल्ली एखादा मुख्य मार्ग महिनोन् महिने पूर्ण बंद ठेवून रूळ, सिग्नल, सगळं एकदमच नवं करतात. मधल्या टप्प्यात रेल्वेच्या बस धावतात. त्या बसला जर्मनमध्ये बसएवढाच लांब शब्द आहे. ट्रेनचं तिकीट तिथे चालतं, वेगळं काढावं लागत नाही. बर्लिनहून काही अंतर ट्रेन, मग बस, मग पुन्हा छोटी ट्रेन, असा आमचा बेत. सकाळी निघून लग्नाच्या दीड तास आधी पोहोचणार होतो.

शनिवारी ट्रेन वेळेवर सुटली आणि वेळेवर पोहोचली. स्टेशन छोटंसं. बाहेर आलो तर समोर बस आणि बसपुढे शिस्तीत लांब रांग. मी इराकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि रांगेत उभा राहिलो. सिंगापुरात राहून लागलेली ही खोड आहे. रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची आहे ते मागाहून विचारायचं. तिथल्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांवर, या खोडीने मला कधी दगा दिलेला नाही.

रांगेत सगळे आजी-आजोबा होते. पुढच्या आजोबांनी माझ्या सिल्कच्या कुर्त्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "तुम्हीपण ख्रिसमसचा बाजार बघायला?"

"नाही, श्वेरिनला. भाचीचं लग्न आहे."

आजोबांनी सावकाश मान हलवली. "ही आमच्या मंडळाची सहल आहे. रेल्वेची बस स्टेशनच्या मागे लागते."

"पपा, राँग क्यू!" इरा ओरडली आणि बॅग घेऊन पळाली. आम्ही भुयारी वाटेने मागे पोहोचलो, तेव्हा जांभळ्या रंगाची बस वळणावरून निघून जात होती. खांबावर तसलीच जांभळी पाटी होती, बाण होता, सगळं होतं. स्टेशनातही तशाच पाट्या लागलेल्या, आम्ही मान वर करून पाहिलं नव्हतं. पुढची बस तब्बल तीन तासांनी. टॅक्सी शनिवारी त्या गावात मिळत नाही, हे समोरच्या बेकरीतल्या बाईंनी हातवारे करून समजावलं.

मी ताईला फोन केला. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. लग्न थांबवून ठेवायची सोय नव्हती. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर विधी सांगणार होते आणि त्यानंतर लगेच त्यांना दुसरं लग्न लावायचं होतं. "बघते," एवढंच ताई म्हणाली.

पुढची बस आली. बस छान होती, ऊबदार होती, बाहेर सपाट शेतं आणि पवनचक्क्या. मला त्यातलं काही धड दिसलं नाही. लग्नाला येऊ न शकलेल्या पाहुण्यांना व्हिडिओची जी लिंक पाठवली होती, ती इराकडेही होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मुग्धा, तिचा होणारा नवरा यान, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत गुरुजी.

"कन्यादानाला कोण बसणार? मामा पोहोचले का?" गुरुजींनी विचारलं.

"मामा बसमध्ये आहेत," ताईचा आवाज आला. "मी बसते."

गुरुजी कॅमेऱ्याकडे वाकले. "तुम्ही?"

"हो, मी. आई आहे तिची."

तिथे काय कुजबुज झाली ते ऐकू आलं नाही, नेटवर्क अडखळत होतं. मग गुरुजी म्हणाले, "बसा. पदर खांद्यावरून घ्या." ताई पाटावर बसली. मुग्धाने हात तिच्या हातात दिला. ताईने एकदाही इकडेतिकडे पाहिलं नाही. इराने विचारलं, "पपा, व्हाय आर यू क्राइंग?" मी म्हटलं, "गप बस." आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा श्रीखंडाची दुसरी वाढ चालू होती. नवऱ्या मुलाच्या आजीने पुरी कशी खायची ते मला विचारलं, मी दाखवलं. श्वेरिनला तळ्यातला राजवाडा आहे, दुसऱ्या दिवशी बघितला, सुंदर आहे, जरूर बघा.

परत येऊन आता आठवडा झाला. इथे सिंगापुरात, चोआ चू कांगच्या घरी, बॅगा अजून अर्ध्याच उघडल्यात. सल्ला विचाराल तर असा: प्रवासाच्या आदल्या रात्री ॲपवर बस कुठून सुटते ते पुन्हा पाहा, स्टेशनवर जांभळ्या पाट्या शोधा, गाड्या बदलताना मध्ये निदान तीन तास मोकळे ठेवा, आणि महत्त्वाचं कार्य असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

काल ताईला फोन करून हेच म्हटलं, "माझी चूक झाली गं. तुझं ऐकायला हवं होतं."

ती म्हणाली, "चूक कसली? तू ठरवलंस तेव्हापासून मला वाटत होतं, माझ्या मुलीचा हात मीच द्यावा. तुला सांगायचा धीर होत नव्हता."