दुसऱ्याच्या बोटाचा चाप

पिस्तुलाचा चाप कसा असावा हे मला कोणी शिकवू नये. सातवीनंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही, पण पुढे सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात फिटर म्हणून झाली. कारखान्यातून आलेलं पिस्तूल म्हणजे नवी चप्पल. चालता येतं, पण चावते. चाप ओढायला घ्यावा तर आधी थोडी मोकळी चाल, मग बोट भिंतीला टेकल्यासारखं अडतं, मग आत वाळूत पाय घासावा तसं खरखरतं, आणि घोडा नेमका कधी सुटेल याचा भरवसा नाही. ती खरखर काढायची आणि सुटायची जागा पक्की करायची, एवढंच काम. सांगायला सोपं आहे. करायला हात लागतो, आणि तो माझ्याकडे आहे.

म्हणून जपानात ओजिमाला कचऱ्यात पिस्तूल दिसलं तेव्हा मी ते उचललं, यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

संगणकवाल्या पोरांची तेव्हा जपानला रीघ लागली होती. माझा मुलगा तोयोसुच्या एका ऑफिसात होता आणि ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहत होता. लिफ्टमध्ये तेलुगू ऐकू यायचं, तमिळ ऐकू यायचं, मधेच कोणी पुण्याचा फोनवर भांडत असायचा. मी काही महिन्यांसाठी गेलो होतो. मुलगा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सून घरी असायची. ती वॉर्डाच्या वर्गात जाऊन फाडफाड जपानी शिकली होती, त्यामुळे दिवसभर माझं तोंड आणि कान तीच.

त्या दिवशी न जळणाऱ्या कचऱ्याची पाळी होती, म्हणून सुनेबरोबर पिशवी घेऊन खाली गेलो. तिथे पिशव्या पारदर्शक लागतात, कोणी काय टाकलं ते सगळ्यांना दिसतं. एका पिशवीत तुटक्या छत्रीखाली काळं पिस्तूल होतं. मी गाठ सोडली.

"बाबा, ठेवा ते. इथे दुसऱ्याच्या पिशवीला हात लावत नाहीत."

"पिस्तूल आहे."

"खेळातलं आहे. प्लास्टिकचे मणी उडतात त्यातून. खरं कोणाकडे नसतं इथे."

"ते वजनावरूनच कळलं. पण चाप खऱ्यासारखाच वाईट आहे, बघ."

"मी कशाला बघू? पोलीस आले की त्यांना दाखवा."

पोलीस नाही आले, पिशवीचा मालक आला. आमच्याच मजल्यावरचा जपानी म्हातारा, हातात काठी. लिफ्टमध्ये रोज आम्ही एकमेकांना मान लववायचो, त्यापलीकडे ओळख नव्हती. सुनेने कमरेत वाकून माफी मागितली. त्याने तिच्याहून खाली वाकून माफी मागितली. मग परत तिने. मी मधे पिस्तूल घेऊन उभा.

माफ्या संपल्यावर तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. वसाहतीजवळच्या सार्वजनिक हॉलमध्ये दर आठवड्याला म्हातारी माणसं जमून कागदाच्या निशाणावर नेम धरायची. हाही जायचा. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात पुरता सुधारला नाही. बोटाने चाप ओढवेना. क्लबवाले म्हणाले, बॅटरीवरचं हलक्या चापाचं घ्या, आमचं वापरा. हा म्हणाला, नेम धरीन तर माझ्याच पिस्तुलाने. आता शरदातली स्पर्धा जवळ आली होती, तीत उभं राहता येणार नाही म्हणून याने क्लबच सोडायचं ठरवलं होतं.

"बायको नाही, मुलं ओसाकाला," सून म्हणाली. "त्या हॉलशिवाय त्यांना कोण आहे?"

"त्याला सांग, मी चाप करून देतो."

"बाबा, आपण पाहुणे आहोत."

"पाहुणा आहे, थोटा नाही. सांग."

तिने सांगितलं. म्हातारा माझ्या हातांकडे बघत राहिला आणि मग त्याने पिस्तूल दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, माझ्यापुढे धरलं.

बाल्कनीत बसायला सुनेने मनाई केली. समोरच्या इमारतीतून लोक बघतील म्हणे. मग जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. पोलादाची सवय असलेल्या हाताला हा माल म्हणजे लोणी. पोलाद चूक पोटात घालतं. हा मऊ धातू घालत नाही, एक हात जास्त पडला की संपलं. त्यामुळे कानसीला हातच लावला नाही. बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळला आणि जिथे खटका आणि घोडा एकमेकांवर घासतात तेवढ्याच जागा आरशासारख्या केल्या. काही जण सरळ स्प्रिंग कापतात. ते कसायाचं काम. मी स्प्रिंगला धक्का लावला नाही.

जोडून चाप ओढला. लोण्यातून सुरी. सुनेला ओढून बघायला लावला.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, पण मग तिने आणखी दोनदा ओढला.

म्हाताऱ्याच्या दारात नेऊन दिलं. त्याने ओढला आणि "सुगोई, सुगोई", म्हणजे झकास, असं म्हणत वाकला. मग फळांचा डबा आला, मग तांदळाच्या वड्या आल्या. मी मुलाला जेवताना सांगितलं की जपानच्या कारखान्याला जमलं नाही ते तुझ्या बापाने टेबलावर करून दिलं.

पुढच्या बैठकीला सून आणि मी हॉलमध्ये गेलो, कौतुक बघायला. सगळे रेषेवर उभे राहून नेम धरत होते. आमचा म्हातारा कोपऱ्यात खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे गुण मांडत होता. पिस्तूल डब्यात, डब्यावर फडकं.

परत येताना मी विचारलं, "का नाही नेम धरला याने?"

"जमलं नसेल."

"मला तर सुगोई म्हणाला."

"तुम्ही दारात छाती काढून उभे होतात, बाबा. तुम्हाला नाही म्हणायची त्यांची काय टाप? इथे तसंही तोंडावर कोणी नाही म्हणत नाही."

डोक्यात तेच फिरत राहिलं. चापात खोट नव्हती, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त तो माझ्या बोटावर बसवला होता. शस्त्रागारात मला कधी माणूस दिसायचाच नाही. पिस्तूल यायचं, पिस्तूल जायचं, पारख माझ्या बोटाची. आणि माझं बोट म्हणजे पान्याचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन त्याचं दार वाजवलं.

"त्याला सांग, चांगलं म्हणायचं नाही. काय वाईट आहे ते बोल. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

"असं जपानीत बोलता येत नाही, बाबा."

"मग मराठीत सांग."

तिने काय सांगितलं देव जाणे, बराच वेळ सांगत होती. म्हातारा आधी लाल झाला, मग हसायला लागला. शेवटी पिस्तूल हातात घेऊन चाप ओढायला लागला, अर्ध्यावर थांबला आणि हळूच म्हणाला, "चोत्तो..."

"म्हणजे?"

"म्हणजे थोडंसं. पुढचं बोलायचं नसतं, समजून घ्यायचं."

मी खुर्ची ओढली आणि त्याचा हात हातात घेतला. तिथे माणसं एकमेकांना हात लावत नाहीत. तो दचकला, पण त्याने हात काढून घेतला नाही. त्याच्या बोटाखाली माझं बोट ठेवलं आणि दाबायला लावलं. टोकाला काहीच जोर नव्हता, चिमणी बसल्यासारखं. मधल्या पेरापाशी मात्र जोर होता, चांगला होता. पण ते पेर चापावर येतच नव्हतं. चाप बोटाच्या टोकाने धरायचा आणि खांद्याने ओढायचा, असं त्याचं चाललं होतं.

मग काम सोपं झालं. सुनेच्या लाकडी पोळपाटाची कड उडालेली होती, तो तुकडा तिने जपून ठेवला होता. तिची परवानगी घेतली, म्हणजे आधी कापला आणि मग घेतली. घासून त्याची छोटी टोपी केली आणि चापाच्या तोंडावर बसवली, म्हणजे चाप मधल्या पेराला लागावा. सुरुवातीची मोकळी चाल बंद केली. टोपीला खोबण मात्र त्याच्या पेराची. तो ओढायचा, चोत्तो म्हणायचा. मी घासायचो, परत द्यायचो. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. सून मधे उठून चहा करून आली, तरी तिच्यावाचून आमचं अडलं नाही.

शेवटी त्याचं चोत्तो थांबलं. एकदा ओढला, मग पुन्हा ओढला, मग खिडकीबाहेर बघत ओढतच राहिला. खांदा हलत नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये दाटी होती. याने काठी खुर्चीला टेकवली आणि रेषेवर उभा राहिला. पहिला मणी कागदाबाहेर गेला. कोणीतरी घसा खाकरला. सून माझ्या कानात म्हणाली, "बाबा..." मी म्हटलं, "गप्प बस, हाताला सवय होऊ दे." पुढचे सगळे कागदावर लागले. मधोमध फार नाहीत, पण कागदावर. टाळ्या तिथे हळूच वाजवतात, तशा वाजल्या.

क्लबचा प्रमुख माझ्याकडे आला, स्वतःचं पिस्तूल घेऊन. याचंही करून द्याल का, असं त्याने सुनेकडून विचारलं.

"सांग त्यांना, आधी हात दाखवा."

तो हात पुढे करतोय तोवर दुसरी फेरी पुकारली. आमच्या म्हाताऱ्याचा नंबर पहिला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मणी भरले, लाकडाच्या टोपीवर पेर बसवलं आणि उभा राहिला.