वेशीपासून मोजलेलं गाव

"ए, जरा बाजूला हो ना. फोटोत येतीस तू."

मी आमच्याच आडावर पाणी शेंदत होते. बाजूला होऊन जाऊ कुठं? तरी पोहरा हातात धरून सरकले. सरकले! त्याचा राग अजून येतो मला. म्हणणारी विद्या. साखर कारखान्याच्या चेअरमनची, आबांची पुतणी. अंबाजोगाईला कॉलेजात आमी एका वर्गात होतो. तिनं मला वळखलं न्हाई, का वळखून तोंड फिरवलं, तिचं तिला माहीत.

दुष्काळाचं साल होतं ते. गावच्या विहिरीत ढेकळं दिसायची. टँकर आला तर आला. आमच्या भीमनगरच्या आडाला तेवढं घागरभर पाणी लागायचं. अशात आबांच्या सहकारी कारखान्याला मळीपासून स्पिरिट गाळायचा प्रकल्प पाहिजे होता, सरकारी मदतीनं. त्याचं काळं नासकं पाणी साठवायला मोठा खड्डा लागतो. तो कुठं खांदायचा, त्यानं कुणाचं पाणी बिघडंल, हे मदत मंजूर व्हायच्या आधी बघावं लागतं. त्या पाहणीला बीडहून एक मॅडम आलत्या. विद्या त्यांच्या हाताखाली. संगं आबा अन् गावचे सरपंच. आणि जागा धरली होती आमच्या आडाला लागून.

मला हेवा वाटला. खोटं कावून बोलू? तिच्या बुटांचा वाटला, गॉगलचा वाटला. बाटलीतलं पाणी तिनं रुमाल भिजवायला सांडलं, त्याचा तर लई वाटला. कॉलेजात माझं जर्नल बघून ती उतरवायची. दुसऱ्या वर्षी माय ऊसतोडीला गेली, धाकट्यांना सांभाळायला मला घरी यावं लागलं. ती शिकली, मी आडावर आले. पण सगळ्यात जास्त जळले ते तिच्या बोलण्यावर. ती तोंड उघडायची अन् आबा गप, सरपंच गप. मधी कुणी बोलत नव्हतं. माझं एक वाक्य आजवर कुणी पुरं ऐकून घेतलं नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "इथून गाव किती लांब आहे?"

सरपंचांनी वेशीकडं हात केला. "लई लांब हाय, मॅडम. गाव पार पल्याड."

विद्या टेप घेऊन निघाली. वेशीकडं. माझ्या दारावरून, आडावरून, वाळत घातलेल्या गोधड्यांवरून.

मला वाटलं, लबाडी करतेत. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कुणीच लबाड दिसंना. त्यांना खरंच तसं वाटत होतं. गाव म्हणजे वेशीच्या आतलं. अन् मग मलाच माझं आठवलं. सकाळी मायला म्हणलं होतं, "गावात जाऊन तेल घेऊन येते." मायबी तसंच म्हणायची, आजीबी. आमी गावाच्या बाहेरचे, हे आमीच रोज आमच्या तोंडानं सांगत होतो! कानशिलं तापली माझी.

पोहरा टाकला. गेले अन् जमिनीवरच्या टेपवर पाय दिला. विद्याच्या हाताला हिसका बसला.

"अगं, पाय काढ!"

"गाव इथून मोजा," मी म्हणलं. "आमच्या आडापासून."

आबा हसले. "ए पोरी, गाव वेशीपासून मोजतेत. पहिल्यापासून. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग आमी कोणत्या गावचे, आबा? मतं मागायला येता तवा हे कोणतं गाव असतंय?"

हसू गेलं. आबा जवळ आले, आवाज बारीक केला. "तुझा भाऊ कारखान्यावर हाय ना? इचार कर."

भाऊ तिथंच, आबांच्या माणसांत उभा होता. त्यानं मान खाली घातली. मी टेपवरचा पाय काढला न्हाई.

मॅडम विद्याकडं वळल्या. "ही वस्ती तू नकाशात दाखवली नाहीस."

"मॅडम, तुम्ही गावापासूनचं अंतर..."

"टेप इकडे आण आधी."

विद्याचं वाक्य अर्धंच राहिलं. लई बरं वाटलं मला. वाटलं तर वाटलं.

आडापासून टेप लावला. नीट उलगडायच्या आतच खड्ड्याची खूण आली. मॅडम आडात वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी वहीत आमच्या आडाचं अंतर लिहिलं.

खड्डा तिथं झाला न्हाई. भावाचं कामबी राहिलं न्हाई. तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, जाताना माझ्याशी बोलला न्हाई. वस्तीतल्या बायका म्हणल्या, कशाला तोंड घातलंस? विद्या आता पुण्याला मोठ्या पगारावर हाय. तिचा हेवा माझ्या मनातनं गेला न्हाई. कावून जावा? ते बूट घालून ती मोजणी मी करायला पाहिजे होती.

आमच्या घरात आता "गावात जाते" म्हणायचं न्हाई. दुकानाला जाते म्हणायचं. माय विसरते, मी टोकते, ती चिडते. चिडू दे. धाकट्या बहिणीला अंबाजोगाईला घातलीय. घरी काही होऊ दे, तिला माघारी आणायची न्हाई. टेप तिच्या हातात आला पाहिजे. तवर रस्ता मोजायला कुणी येऊ दे न्हाईतर तळं मोजायला, पहिलं माप आमच्या दारातनं. न्हाईतर मोजणीच होऊ देणार न्हाई.