पुसलेल्या बाईची सावली

सोनटक्के सर नसते तर मी आज ऊस तोडत असतो. दीड महिन्यापूर्वी पुण्यात कामावर असताना आईचा फोन आला. "सर गेले रे," एवढंच म्हणाली.

सर बीडजवळ पालीला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आईवडील ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने मी सरांच्या घरी राहायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्यांच्या ताटात जेवून वाढला. फोटोग्राफी हा त्यांचा छंद. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपावा म्हणून त्यांनी एक जुना कॅमेरा मुंबईहून मुद्दाम आतून बदल करून आणला होता. त्यात हिरवी पानं पांढरीशुभ्र यायची. आकाश आणि पाणी काळं. मग संगणकावर बसून ते उजेड-अंधार जुळवत राहायचे. सरांच्या फोटोत लिंबसुद्धा म्हातारा होतो, अशी पारावर चेष्टा चालायची. सरही हसायचे.

मी नववीत असताना तोडीला निघालेली आई तलावाजवळ लिंबाखाली, डोक्यावर बोचकं घेऊन, गाडीची वाट पाहत उभी होती. सकाळचं ऊन, लांब सावली. सरांनी तो फोटो काढला. परत आल्यावर संगणकावर तो बघून आई म्हणाली, "सर, मला तर भूतच केलं की वो." सर म्हणाले, पान जितकं जितं तितकं पांढरं येतं, भूत कसलं? आईचा दुसरा फोटो आमच्याकडं नव्हता.

गावातल्या बड्या घरचा प्रताप सरांकडं फोटोवरचं संगणकातलं काम शिकायला यायचा. त्यानं तो फोटो पेन ड्राइव्हवर नेला, त्यातून आईला पुसलं आणि 'काश्मीरची सकाळ' म्हणून जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात लावला. पांढरी झाडं पाहून परीक्षकांना बर्फ वाटला. पहिलं बक्षीस मिळालं. सर मूळ फोटो घेऊन गेले, तर आयोजक म्हणाले, "संगणकावर काय करता येत न्हाई? ही बाई तुमीच घातली असंल."

त्या दिवसानंतर सरांनी कुठल्याही प्रदर्शनात फोटो दिला नाही. मी कॉलेजात होतो, सुट्टीत आलो तेव्हा त्यांनी मला बक्षीस मिळालेल्या फोटोची छापील प्रत दाखवली. प्रतापनं बाई पुसली होती, सावली तशीच ठेवली होती. या फोटोत पाणी काळं येतं ना, त्याला तो ओढा वाटला असावा. मी म्हणालो, चला, आत्ता जाऊन दाखवू. सर म्हणाले, "सोड. पोरगं हाय." मी सोडलं. परीक्षा होती, मग नोकरी लागली...

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. बीडला स्टुडिओ थाटलेला प्रताप पट्टशिष्य म्हणून बोलायला उभा होता आणि मागं भिंतभर फ्लेक्सवर तोच फोटो, कोपऱ्यात सरांचा छोटा फोटो. मी उठलो.

"हे कुठलं हाय बे?"

"काश्मीर."

"मग ही सावली कुणाची?"

"ओढा हाय तो. आज दुःखाची येळ हाय भाऊ, बस खाली."

मी आईला हाताला धरून पुढं आणलं. तिनं काही न विचारता आपली पिशवी डोक्यावर घेतली आणि फ्लेक्सपुढं उभी राहिली. बोचक्याचा फुगवटा, वर गेलेला हात, सगळं त्या सावलीत जसंच्या तसं होतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "सखूबाई काश्मीरला कवा गेलत्या?" सभा हसली. प्रताप भाषण अर्धं टाकून निघून गेला. मग मी सरांच्या संगणकावरून मूळ फोटो छापून घेतला आणि त्याच्या स्टुडिओसमोरच्या चहाच्या टपरीवर लावला. रोज शटर उघडताना त्याला आई दिसते.

परवा सरांच्याच नावानं, पालीच्या पत्त्यावर मी हे पत्र टाकलं :

आदरणीय सर, सा. न.

तुम्ही सोड म्हणाला होता. मी सोडलं नाही. त्याची मान खाली गेलेली मी डोळे भरून पाहिली. त्याचं वाईट वाटेल म्हणून थांबून पाहिलं, वाटलं नाही. तुम्ही रागवा, चालेल. मात्र सभेतून घरी येताना आई म्हणाली, "सर व्हते तवा का न्हाई उठलास?"



तुमचा,
अंकुश