शास्त्रीबुवा, जरा आडवे व्हा

गाडीच्या पाठीवर तळहात ठेवून ते ती हलकेच दाबीत, सोडून देत आणि मान कलती करून ऐकत. मध्येच कोणी बोलले तर म्हणत, "थांबा. ती काय म्हणते ते आधी ऐकू." बालीगंजमधील आमच्या इमारतीत जे राहून गेले, त्यांना हे गृहस्थ कोण ते सांगायला नको.

इतरांसाठी सांगतो. ते बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. बदली होऊन कोलकात्यास आले आणि इथलेच झाले. त्यांची गाडी त्यांच्या संसाराएवढी जुनी. गोल पाठीची, आत सोफ्यासारखी ऐसपैस बैठक. तिची दुरुस्ती ते स्वतः करीत. मी इथल्या मराठी कुटुंबांची पूजाअर्चा सांगतो. संध्या आटोपून खाली उतरलो की बहुधा गाडीखालून त्यांचे पायच दिसत. मी त्या पायांनाच नमस्कार करी.

"पायांना नको, शास्त्रीबुवा, पाप लागेल मला," आतून आवाज येई.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलीला कन्यारत्न झाले आणि बारशाचा दिवस ठरला. नातीला पाळण्यात आपण घालावे, एवढीच त्यांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, इच्छा. परंतु त्यांच्या मणक्याचे दुखणे असे की रात्र-रात्र डोळा लागत नसे. डॉक्टरांनी प्रवासाला संमती दिली, पण आडवे राहून आणि धक्का न बसता. भाड्याच्या गाडीत आडवे होणे जमेना. रुग्णवाहिकेचे नाव निघताच वहिनी म्हणाल्या, "बारशाला जायचंय मला. आजारी म्हणून नाही जायचं."

राहिली ही गाडी. तिचा मागचा भाग तर प्रत्येक खड्ड्यागणिक ठणकत होता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. ते झिजून लोखंडावर लोखंड आपटत होते. गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या मल्लिक बाजारातून त्यांनी नवे बुश आणले, गाडी उचलली, गंजलेले बोल्ट तेल पाजून सोडवले आणि नवे बुश बसवून सारे नट घट्ट आवळले. मग एकटेच फेरी मारून आले. चेहरा उतरलेला होता.

"ठणका गेला, पण आता करकरते. चूक माझीच. चाकं अधांतरी असताना आवळलं. खाली टेकवल्याबरोबर रबराला पीळ बसला. असं नाही न्यायचं हिला."

बारसे दोन दिवसांवर आले होते. ते पुन्हा मल्लिक बाजारात गेले. "दुकानदार विचारतो, दादा, खाता की काय बुश?" हसत त्यांनी सांगितले.

या खेपेस त्यांनी चारही चाके जाड फळ्यांवर टेकवली आणि नट सैलच ठेवले. मग माझ्याकडे वळून संकोचाने म्हणाले, "शास्त्रीबुवा, मागच्या बैठकीवर जरा आडवे व्हा. तुमचं वजन साधारण हिच्याएवढं असेल. तो भार घेऊन रबर जसं बसेल, तसंच आवळायचं."

मी उपरणे सावरून आडवा झालो आणि विष्णुसहस्रनाम म्हणू लागलो. खालून पान्याचा आवाज येत होता. गॅलरीतून वहिनींचा स्वर आला, "झोपू नका हं! घोरलात तर ह्यांना वाटेल, पुन्हा करकरतेय!"

"घोरू देत," गाडीखालून उत्तर आले. "रोज तुझं ऐकतोच की."

"ऐकलंत? मला मेलीला झोप कुठली!"

खालचा पाना क्षणभर थांबला.

बारशाच्या सकाळी वहिनींना उशा लावून मागे निजवले. मी पुढे बसलो. मागून बसचे भोंगे वाजत होते; त्यांनी वेग वाढवला नाही. ट्रामचे रूळ आले तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटले. गाडी रुळांवरून पलीकडे गेली. मागून कण्हणे आले नाही. बायपासवर त्यांनी हाक मारली, "अगं?" उत्तर नाही. मी वळून पाहिले. वहिनी गाढ झोपल्या होत्या.

आता ते गृहस्थ नाहीत. वहिनी मुलीकडे असतात. मला मात्र ते आठवतात ते मुलीच्या इमारतीच्या दारातले. वर पाळणा सजला होता, मंडळी खोळंबली होती. मुलगी बाळाला घेऊन खाली आली आणि गाडीत डोकावून तिथेच थबकली.

"मुहूर्त टळेल का हो?" त्यांनी मला कुजबुजत विचारले.

इतकी वर्षे मी घटकापळे पाळत आलो. "आजीची झोप झाली की मुहूर्त," मी म्हणालो.

ऊन खिडकीतून वहिनींच्या तोंडावर येत होते. त्या गृहस्थांनी बारशासाठी घातलेला कोट काढला आणि दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरला. ऊन सरकले, तसे तेही पाऊलभर सरकले.